वणीच्या वस्तीत पाखरे मोजताना

वणी म्हटले की लोक गडाचेच विचारतात. नाशिकहून दिंडोरीमार्गे वणीला जाणाऱ्या बसमध्ये बसलो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "दर्शनाला का?" मी म्हटले, "नाही, पाखरे मोजायला." गृहस्थांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिले आणि मग दिंडोरी येईपर्यंत ते खिडकीबाहेरच पाहत राहिले.

त्यांचा काही दोष नाही. दोन आठवड्यांपूर्वी मलाही हे हसण्यासारखेच वाटले होते. माझी थोरली बहीण वणीला दिलेली. तिची मुलगी नववीत आहे. तिचा फोन आला, "मामा, चौदा ते सतरा फेब्रुवारी सगळ्या जगात पाखरं मोजतात. आमच्या बाईंनी सांगितलंय, ज्यांना जमेल त्यांनी आपल्या अंगणातली मोजा. तुम्ही कारकून आहात ना? मग मोजायला या." पंचवीस वर्षे आकडेमोड करून जो मान मिळाला नाही तो भाचीने दिला, म्हणून फेब्रुवारी २०२५ मधल्या त्या शनिवारी निघालो.

दिंडोरी सोडली की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. फेब्रुवारी म्हणजे काढणीचे दिवस. बागांच्या कडेला क्रेटच्या थप्प्या, टेम्पो, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया. ओझरखेड मागे पडले की समोर सप्तशृंगाच्या डोंगराची रांग दिसू लागते आणि मग वणी येते. ओझरखेड, करंजवण, पुणेगाव ही धरणे याच परिसरातली. करंजवणचे धरण कादवा नदीवर आहे. ही कादवा पुढे निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीला मिळते. तिथल्या बंधाऱ्याच्या पाण्यावर हिवाळ्यात दूरदेशीची बदके येतात. ते ठिकाण रामसर यादीत गेल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले, महाराष्ट्रातले पहिलेच. तिथे दुर्बिणी घेऊन माणसे जातात, पाणपक्षी मोजतात, वर्तमानपत्रात आकडे येतात. त्याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या वस्तीत काय उडते, हे मात्र कोणी विचारत नाही.

ही मोजणीची चाल जुनी आहे. अमेरिकेत पूर्वी नाताळात बंदुका घेऊन बाहेर पडायचे आणि ज्याने जास्त पाखरे मारली तो जिंकला, अशी शर्यत असे. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञाने १९०० च्या नाताळात सांगितले की, मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २७ माणसे आली. इंग्लंडमध्ये १९७९ पासून जानेवारीअखेर घरोघरी एक तास बागेतली पाखरे मोजतात. आणि आमच्या भाचीची फेब्रुवारीतली चार दिवसांची मोजणी १९९८ साली अमेरिकेत सुरू झाली, २०१३ पासून ती साऱ्या जगाची झाली; भारतही त्याच वर्षापासून तिच्यात आहे. नियम सोपा. निदान पंधरा मिनिटे एका जागी थांबायचे किंवा चालायचे, जे दिसले-ऐकले ते लिहायचे, मोबाईलवरून पाठवायचे. पैसे लागत नाहीत.

तरी रात्री जेवताना भाची घुम्यासारखी बसली होती. विचारले तर म्हणाली, "मामा, वर्गातल्या मुलींची परसबाग आहे. एकीच्या घरी तर पाण्याचं भांडंसुद्धा टांगलंय. आपल्याकडे काय आहे? गटार!" ताईने तिला दटावले, पण मला तो प्रश्न खोटा वाटला नाही. ही मोजणी बागवाल्यांनी काढलेली आहे, तिच्या नावातच परसदार आहे. भाचीने मोबाईलवर नकाशा दाखवला. नाशिक शहरावर टिंबांची गर्दी, नांदूरमध्यमेश्वरवर गर्दी. आमच्या वस्तीच्या जागी एकही टिंब नव्हते. मी तिला एवढेच म्हटले, "टिंब नाही म्हणजे पाखरू नाही असं नव्हे. इथं कोणी मोजलं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

रविवारी सकाळी सव्वासातला सुरुवात केली. गारठा होता. वस्तीत विहाराच्या आवारात पिंपळ आहे, नळाजवळ दोन कडुलिंब आहेत, मागे बाभळींचा तुकडा आणि तारेपलीकडे द्राक्षबाग. मी वहीत रोजकीर्दीसारखे रकाने आखले : वेळ, जागा, नाव, संख्या, शेरा. भाचीबरोबर वस्तीतली पाच-सहा पोरे जमली. पहिली नोंद नळाची. सांडलेल्या पाण्याच्या डबक्यात चिमण्या आंघोळ करत होत्या. दोनदा मोजल्या. अकरा.

एक सातवीतला पोरगा म्हणाला, "काका, पन्नास लिवा. अकरा बरं नाय दिसत. लोक म्हणतील यांच्या वस्तीत काहीच नाय." मी म्हटले, "दिसल्या किती?" "अकरा." "मग अकराच." तो नाराज झाला. त्याला दोष तरी कसा द्यावा? आपले थोडे आहे हे लिहून द्यायला माणसाला लाज वाटते. शाळेच्या फॉर्मवर उत्पन्न लिहिताना, घराच्या खोल्या लिहिताना आपण सर्वांनी ती भोगली आहे. पण त्याला बसवून एक गोष्ट सांगितली. चिमण्या संपल्या, मोबाईलच्या टॉवरने मेल्या, असे आपण कितीतरी वर्षे ऐकतो. २०२० साली देशातल्या पक्ष्यांचा एक अहवाल निघाला. साडेपंधरा हजारांवर साध्या माणसांनी पाठवलेल्या नोंदींवरून ८६७ प्रकारच्या पक्ष्यांचा हिशेब मांडलेला. त्यात निघाले की मोठ्या महानगरांत चिमणी घटली, पण सबंध देश धरला तर पंचवीस वर्षांत ती बऱ्यापैकी टिकून आहे. त्या नोंदींत कोणी अकराच्या पन्नास केल्या असत्या, कोणी शून्याच्या दहा, तर हे कळलेच नसते.

चिमणीवरून आठवले. आपल्या घराघरांत २० मार्च म्हणजे महाडचे चवदार तळे. भाचीच्या शाळेत २० मार्चला चिमणी दिनही असतो. तो जगभर २०१० पासून पाळतात आणि ज्यांच्या पुढाकाराने सुरू झाला ते मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचेच. दोन्ही गोष्टी पाण्याजवळच्या आहेत, असे भाची म्हणाली. डबक्यातल्या चिमण्या पाहताना ते मला पटले.

पुढे विहारात गेलो. पिंपळावर टुक् टुक् आवाज. तांबट. मग कुंपणावर एक इवलासा हिरवट पक्षी, शेपूट वर, तो शिंपी. गटाराकाठी शेपटी हलवणारा धोबी. तारेवर कोतवाल. बाभळीत एक कुंभार कुकडा. मी एकामागून एक लिहीत गेलो आणि थबकलो. वाचकहो, पाहा जरा ही यादी. सारा गावगाडाच बसवलाय! वर आकाशात ब्राह्मणी घार वेगळीच. इंग्रजीतही तांबट, शिंपी ही नावे आहेत म्हणे, पण तिकडे तो नुसता धंदा. इकडे धंद्याला जन्म चिकटलेला. भाचीने वहीवर वरती 'पक्ष्यांच्या जाती' असे लिहिले होते. ते तिने खोडले आणि 'प्रकार' लिहिले. मी काही सांगितले नव्हते.

आठाच्या सुमारास बागेच्या कामाला जाणाऱ्या बाया पिकअपची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांना विचारले. पोरांना पुस्तकात सापडेना ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितले. एक म्हणाली, "भोरड्या पाह्यच्या तर आमच्या मालकाच्या मळ्याकडं चला, थवाच्या थवा बसतो." भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची मैना, मध्य आशियातून हिवाळ्याला आपल्याकडे येते, उन्हाळा लागला की परत जाते. दिवसभर घडांवरून पाखरे हाकलणारी ही माणसे. कुठले पाखरू कुठल्या वेळी, कुठल्या ओळीत उतरते ते त्यांना तोंडपाठ. तेवढ्यात पिकअप आला आणि बाया गेल्या. त्यांच्या बोलण्यावरून भोरडी यादीत लिहिता येईना, कारण आम्ही ती पाहिली नव्हती. दहा मिनिटांनी डोक्यावरून थवा गेला. भाचीने दहा-दहाचे गट धरून अंदाज केला, साधारण दोनशे. ते लिहिले; शेऱ्यात 'अंदाजे'.

सव्वाआठला थांबलो, एक तास पुरा झाला. ओट्यावर ताईचे सासरे बसले होते, वय बहात्तरच्या पुढे. त्यांना सारे आप्पा म्हणतात. चहा घेताना त्यांनी वही मागितली, चष्मा लावून सगळी वाचली आणि विचारले, "गिधाडं नाही लिवली?"

मी म्हटले, "आप्पा, आता कुठे आहेत इथे गिधाडे?"

"नाहीत तेच म्हनतो मी. नाहीत, ते लिवत्यात का नाही?"

मला उत्तर सुचले नाही. आप्पा सांगू लागले. बहात्तरच्या दुष्काळात ते अठरा-वीस वर्षांचे होते, खडी फोडायच्या कामावर. चारा नाही, पाणी नाही, जनावरे पटापट मरत. गावाबाहेरच्या माळावर आणून टाकत. "आधी वर एकच दिसायचं, टिकलीएवढं. मग कुठून कुठून यायची. एका बैलावर तीस-चाळीस. आमी हातोडा टाकून पाहत बसायचो. दुपारपातुर निस्ती हाडं." पाठ पांढरी असते ते वेगळे, लांब चोचीचे वेगळे, ते कडेकपारीला राहते, हे आप्पांनी मला बोटांनी चोच करून दाखवले. कसे ठाऊक, असे विचारले तर थोडे थांबून म्हणाले, "आज्यानं दावलं होतं बापाला. ढोरं ओढायचं आपल्याच माथी होतं ना पाव्हनं. बाबासाहेबांनी सांगितलं, आज्यानं दोर फेकून दिला. पर पाखरं वळखायचं ऱ्हायलं घरात."

मी गप्प झालो, याचे कारण सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या घरात 'गिधाड' हा शब्द कोणी उच्चारत नसे. शाळेत एकाने तो शब्द वापरून मला चिडवले होते, तेव्हा घरी येऊन मी रडलो आणि वडिलांनी काही न बोलता माझे डोके थोपटले होते. माझ्या मुलांनाही मी कधी गिधाडांबद्दल सांगितले नाही. ते काम आपल्या लोकांनी सोडले हे योग्यच झाले, त्याची हळहळ कशाला? पण त्या कामाबरोबर जे पाहिलेले होते तेही आपण गाठोडे बांधून टाकून दिले, हे मला त्या ओट्यावर पहिल्यांदा लक्षात आले.

आणि गिधाडांचे पुढे जे झाले ते तर मोजल्यामुळेच कळले. राजस्थानात भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. विभू प्रकाश यांच्याकडे आधीचे आकडे होते, म्हणून नव्वदच्या दशकात संख्या कोसळल्याचे ध्यानात आले. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात देशात हजारी एक उरली, असा हिशेब पुढे निघाला. कारण २००४ साली जाहीर झाले : गुराढोरांना दुखण्यावर देत ते डायक्लोफेनॅक. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. जनावरांसाठी ते औषध भारत सरकारने २००६ मध्ये बंद केले. आपल्या माळावरची गिधाडे कोणत्या वर्षी येईनाशी झाली हे आप्पांना नक्की सांगता येईना. "टीव्ही घेतला त्याच्या आसपास," एवढेच. गिधाडे जवळून पाहिलेली माणसे गावकुसाबाहेरच होती. वही घेऊन त्यांच्याकडे कोणी आले नाही.

भाची म्हणाली, "मामा, जुनी नोंद पण भरता येते. भरू का, बहात्तर सालची?" मी विचारले, तारीख लागते का? लागते. आप्पांना महिना आठवेना; "चैत आसंल, नायतर वैशाख." भरावेसे फार वाटले. पण सकाळीच त्या पोराला अकराचे पन्नास करू दिले नव्हते. तेव्हा मोबाईलवर नाही भरले. वहीच्या मागच्या पानावर मात्र आप्पांनी सांगितले तसेच्या तसे उतरून घेतले, खाली त्यांची सही घेतली, माझी घातली आणि त्या दिवसाची तारीख टाकली. आप्पांनी सही करायला दोन मिनिटे घेतली, अक्षर सुरेख आहे त्यांचे.

यादी गेली ती सतरा प्रकारांची. चिमण्या फिरून एकंदर सव्वीस भरल्या. त्या पोराने ते ऐकून मान हलवली, समाधान झाले की नाही कळले नाही. पाठवल्यावर भाचीने पुन्हा पुन्हा नकाशा उघडून पाहिला. दुपारी वस्तीच्या जागी टिंब उमटले. आप्पांना दाखवले तर ते म्हणाले, "एवढंच व्हय?"

सोमवारी कामावर जायचे होते म्हणून संध्याकाळच्या बसने परत निघालो. मंगळवारी रात्री ताईचा फोन आला. मोजणी सोमवारीच संपली, तरी कार्टी आज पुन्हा सकाळी नळावर वही घेऊन बसली होती, आणि चहा घेऊन आप्पा शेजारी. आज नळावर नऊच होत्या म्हणे. नऊच लिहिल्या.