कामाचं ठिकाण : शाळेचा व्हरांडा

३ सप्टेंबर २०१२ रोजी लोकसभेनं कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचं विधेयक मंजूर केलं. चर्चा झाली नाही. कोळसा खाणींच्या वाटपावरून ते अख्खं पावसाळी अधिवेशन वाहून चाललं होतं, सभागृहात घोषणा सुरू होत्या, आणि त्याच गोंगाटात तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री कृष्णा तीरथ यांचं हे विधेयक पार पडलं. राज्यसभेची मोहोर २६ फेब्रुवारी २०१३ ला उमटली. त्या दिवशी रेल्वे अर्थसंकल्प होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नव्या गाड्यांची यादी मोठी आणि ही बातमी लहान असणार, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या जालना जिल्ह्यात तर त्या वर्षी कुणाचं लक्ष लोकसभेकडे असायचं कारणच नव्हतं. पाऊस नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, शहर टँकरवर आलं. कायदा झाला हे मला स्वतःला कळलं ते नोकरीला लागल्यावर, एका प्रशिक्षणात, जेवणानंतरच्या सत्रात. निम्मा हॉल पेंगत होता.

कायदा झाला ना, मग चर्चा झाली की नाही याला काय महत्त्व, असं कुणी म्हणेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. संसदेच्या स्थायी समितीनं विधेयकावर काम केलं होतं. २०१० च्या मूळ मसुद्यात घरकामगार वगळल्या होत्या, त्या नंतर आत आल्या, ही काही लहान गोष्ट नाही. पण समितीच्या खोलीत बोलणं वेगळं आणि भर सभागृहात बोलणं वेगळं. सभागृहात एखाद्या ग्रामीण मतदारसंघाच्या खासदाराला उभं राहून सांगावं लागलं असतं, की माझ्याकडे बाईचं कामाचं ठिकाण म्हणजे नेमकं काय आहे. कापसाचं शेत, अंगणवाडीची खोली, वीटभट्टी, शाळेची चूल. ते कुणी बोललं नाही, म्हणून पुढं दहा-बारा वर्षं 'कामाचं ठिकाण' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे काचेची केबिनच येत राहिली.

आणि गंमत अशी, की या कायद्याचं मूळ काचेच्या केबिनमध्ये मुळीच नाही. भंवरी देवी राजस्थानातल्या भटेरी गावच्या. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या 'साथिन' होत्या, म्हणजे गावात हिंडून बायांशी बोलणारी, तुटपुंज्या मानधनावरची कार्यकर्ती. बालविवाह थांबवायला गेल्या, आणि त्याचा सूड म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना त्या आरोपातून सोडलं. या प्रकरणावरून 'विशाखा' आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ ला न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, सुजाता मनोहर आणि बी. एन. किरपाल यांच्या पीठानं मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांचा कायदा व्हायला सोळा वर्षं लागली. राष्ट्रपतींची संमती मिळाली २२ एप्रिल २०१३ ला, आणि त्याच दिवशी न्यायमूर्ती वर्मा वारले. त्याआधी जानेवारीतच, दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या आपल्या समितीच्या अहवालात, त्यांनी या विधेयकातल्या अंतर्गत समितीच्या कल्पनेवर टीका केली होती. तक्रार मालकाच्या घरात ठेवू नका, न्यायाधिकरण नेमा, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकलं कुणी नाही.

मानधनावरच्या एका खेड्यातल्या बाईमुळे आलेला हा कायदा तशाच बाईपर्यंत परत यायला किती वळणं घेतो, हे मला गेल्या पावसाळ्यात जवळून बघायला मिळालं.

मी बीएएमएस डॉक्टर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात कंत्राटी. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, म्हणजे हा कायदा आणि माझी नोकरी जवळपास जुळी भावंडं. पथकात दोन डॉक्टर, एक बाई आणि एक पुरुष, सोबत नर्स आणि औषधनिर्माता. भाड्याची गाडी. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा. उंची, वजन, दात, कान, डोळे, त्वचा, रक्त कमी आहे का, हृदयाला छिद्र आहे का. घनसावंगी, परतूर, मंठा या भागातल्या शाळा हिंडताना एक सवय लागते : गाडीतून उतरल्यावर आधी मुलींचं स्वच्छतागृह बघायचं. कुलूप आहे का, कडी आतून लागते का, पाणी आहे का. मुली दिवसभर पाणी का पीत नाहीत आणि लघवीला जळजळ का होते, याचं निदान तिथंच होतं, स्टेथोस्कोप काढायची गरज पडत नाही.

तपासायला स्वतंत्र खोली कुठल्याही शाळेत मिळत नाही. आम्ही जुनं लुगडं दोरीवर टाकून आडोसा करतो. हे लुगडं बहुतेक वेळा खिचडी शिजवणाऱ्या बाई आणून देतात. सरकारी कागदावर त्यांचं पद 'स्वयंपाकी तथा मदतनीस', पोरांसाठी 'खिचडीवाली मावशी'. मानधन महिन्याला अडीच हजार, तेही वर्षातल्या दहा महिन्यांचं.

अशाच एका शाळेत (गाव सांगत नाही, शाळेत शिक्षक किती हे सांगितलं तरी आजूबाजूचे ओळखतील) तपासणी संपल्यावर ताई लुगडं घडी करता करता म्हणाल्या, “मॅडम, तुमच्याकडं झोपंची गोळी असंल का?”

“काहून? कुणासाठी?”

“मलाच. डोळा लागत नाही.”

आमच्या पेटीत झोपेची गोळी नसते. लोह असतं, जंतनाशक असतं. मी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, आणि तोवर त्या हळूहळू बोलत्या झाल्या. शाळेशी संबंध असलेला, गावात वजन असलेला एक माणूस. धान्याच्या कोठीत तांदूळ मोजायला बाई गेल्या की तो मागून येतो आणि दार लोटतो. काय बोलतो, काय करतो, ते त्यांनी सांगितलं. मी इथं लिहीत नाही. “म्हणून मी आता तांदूळ काढायला दोन पोरी संगं नेते. चौथीतल्या. पोरी असल्या की तो हात लावत नाही.”

त्या दोन मुलींना मी तासाभरापूर्वीच तपासलं होतं. एकीचं हिमोग्लोबिन कमी वाटत होतं. मावशीबरोबर कोठीत काहून जाता, असं सहज विचारलं, तर एक म्हणाली, “मावशीला अंधाराची भेव वाटते.”

आपण शाळेची सुरक्षितता आणि बाईच्या कामाच्या ठिकाणची सुरक्षितता या दोन फायली वेगळ्या ठेवतो. दोन खाती, दोन कायदे, दोन प्रशिक्षणं. आणि इथं एक बाई स्वतःला वाचवायला नऊ वर्षांच्या मुलींची ढाल करत होती, त्यात तिचा दोष काढायचा तर मला तोंड नाही. तिच्याजवळ दुसरं काय होतं?

कायद्यांचा फरक बघा. मूल असेल तर पॉक्सो. २०१२ च्या त्या कायद्याचं कलम १९ सांगतं, की गुन्हा झाल्याचं माहीत असो की होण्याची भीती असो, कुणीही असा, पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेचा प्रमुख असेल तर वर्षापर्यंत. बाई असेल तर मात्र तिनं लेखी द्यायचं, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीला पटलं तर आणखी तीन महिने. मला हे चूक वाटत नाही. मोठ्या बाईच्या वतीनं परस्पर कुणी फिर्याद ठोकू नये. पण लेखी देण्याआधी तिला कुणाकडे जायचं हे तर कळायला हवं!

ताईंचं बघू. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या जागी अंतर्गत समिती नाही. मग जिल्ह्याची स्थानिक समिती. त्यांची मालक कोण? नेमणूक शाळा व्यवस्थापन समितीची, पैसे सरकारचे, देखरेख मुख्याध्यापकांची. कायदा म्हणतो कर्मचारी म्हणजे कायम, तात्पुरती, रोजंदारी, कंत्राटी, अगदी स्वयंसेवी सुद्धा. म्हणजे ताई आत आहेत. चौकशी चालू असताना तक्रारदार बाईची बदली करता येते, असंही कायदा म्हणतो. चूल एक, शाळा एक. बदली कुठं करणार?

बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहानग्यांवर अत्याचार झाला आणि २० ऑगस्ट २०२४ ला लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यानंतर सरकारी आदेशांचा पाऊस पडला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. ही समिती तर २०२२ सालीच सांगितलेली होती. मी ज्या शाळांत जाते तिथं तक्रारपेटी आता बहुतेक ठिकाणी दिसते. व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खिडकीसमोर. नऊ वर्षांच्या पोरीनं सगळ्यांच्या देखत त्यात चिठ्ठी टाकायची. सीसीटीव्ही असलाच तर फाटकावर असतो. धान्याच्या कोठीत कोण लावणार?

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचा विषय काढला तर हा लेख संपायचा नाही, तरी एवढं सांगते. दिवाळीच्या सुमारास 'कोयता' निघतो, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल घेतो नवरा, मुकादम ओळखतो नवऱ्याला. कायद्यात ठेकेदारामार्फत लावलेली बाईही कर्मचारी आहे. पण ती दुसऱ्या जिल्ह्याच्या फडात, कोपीत, पाच-सहा महिने. परत येईपर्यंत तीन महिने केव्हाच उलटून जातात.

त्या दिवशी मी लगेच करता येईल तेवढं केलं. मुख्याध्यापकांना म्हटलं, कोठीत अंधार आहे, काट्यावरचा आकडा दिसत नाही, तांदूळ व्हरांड्यात मोजा, वर्गाच्या दारासमोर. आणि लेकरं कोठीत पाठवू नका. त्यांनी मान डोलावली. “बरोबर आहे मॅडम, पावसाळ्यात पोत्याखाली साप निघतात.”

काटा व्हरांड्यात आला. पोती उचलून बाहेर आणायला एक शिक्षक लागले. हे सगळं एका वाक्यात झालं याचा मला आनंद झाला आणि रागही आला.

लेखी द्यायचं का, यावर ताईंचा प्रश्न सरळ होता. “दिलं तर खिचडीचं काम राहील का?” मी राहील असं सांगू शकत नव्हते. माझा स्वतःचा करार अकरा महिन्यांचा. मी फक्त कायद्यात काय आहे ते सांगितलं : लिहिता येत नसेल तर समितीनं लिहायला मदत करायची, हे कलम ९ मध्येच आहे. नाव उघड करायचं नाही, हे कलम १६. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. आणि तालुक्याला एक नोडल अधिकारी असतो, त्यानं तक्रार सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची.

हे नोडल अधिकारी, जिल्हा अधिकारी नेमा म्हणून सर्वोच्च न्यायालयाला ३ डिसेंबर २०२४ ला राज्यांना बजावावं लागलं. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणावरून सुरू झालेली सुनावणी होती ती. कायदा लागू झाला ९ डिसेंबर २०१३ ला. हिशेब तुम्हीच करा.

महिन्याभरानं शेजारच्या अंगणवाडीच्या तपासणीला गेले तेव्हा ताई आपणहून आल्या. सोबत वही होती, पोरीच्या वहीतलं पान फाडलेलं नव्हतं, अख्खी वही. नवऱ्याला सांगितलंय म्हणाल्या. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, वाचून दाखवलं, दोन ठिकाणी त्यांनी शब्द बदलायला लावले. “'त्रास दिला' लिहू नका, त्रास तर डासबी देतेत. झालं तसंच लिहा.” मग झालं तसंच लिहिलं. तारखा त्यांना पाठ नव्हत्या, पण कुठल्या दिवशी खिचडी होती आणि कुठल्या दिवशी उसळ, हे पाठ होतं. आहाराच्या नोंदवहीवरून तारखा काढल्या. पहिल्या घटनेला तीन महिने व्हायला नऊ दिवस बाकी होते.

तालुक्याच्या एका कार्यालयात अर्ज दिला. टेबलामागच्या बाबूंनी तो दोनदा वाचला आणि आमच्याकडे न बघता विचारलं, हे आमच्याकडं येतं का? शेजारच्या टेबलावरच्या बाई उठल्या, कपाटातून एक आदेश काढला, बोट ठेवून नाव दाखवलं. त्यांनी अर्जाची प्रत पालथी करून ठेवली, कुणी वाचू नये म्हणून. मग शिक्का मारला. ताईंनी सही केली, नाव आणि आडनाव, सावकाश.

आवक क्रमांक माझ्या मोबाइलमध्ये आहे. सात दिवस येत्या गुरुवारी भरतात. शाळेत तांदळाची नवी पोती सोमवारी येणार आहेत.