पहिल्या उड्डाणाचा अधिकार

लष्करी वैमानिक म्हटला की सामान्य वाचकाच्या दृष्टीसमोर शत्रूवर झेपावणारे लढाऊ विमान येते; परंतु ज्याने माझ्याप्रमाणे हयात मालवाहू विमाने चालविण्यात, आणि पुढे ती चालविणाऱ्यांना शिकविण्यात घालविली, त्याला हे चित्र अपुरे वाटल्यावाचून राहत नाही. रसद पोचविणाऱ्यालाही पराक्रम करावा लागतो, इतकेच नव्हे तर तो पराक्रम त्याने एकदा करून भागत नाही, ही गोष्ट मला ज्यांच्या चरित्रावरून विशेष पटली, ते एअर कमोडोर मेहरसिंग होत. वायुसेनेत त्यांना आदराने 'बाबा' म्हणत.

1915 साली पंजाबातील लायलपूर भागात जन्मलेले मेहरसिंग इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिक्षण घेऊन 1936 साली भारतीय वायुसेनेच्या 1 क्रमांकाच्या पथकात, म्हणजे त्या काळच्या एकमेव पथकात, रुजू झाले. वझिरिस्तानच्या डोंगराळ मुलखात वापिटी जातीची जुनाट विमाने उडवीत असता त्यांनी वाऱ्याचा, दऱ्यांचा आणि इंजिनाच्या मर्यादांचा जो अभ्यास केला, तोच पुढे त्यांचे भांडवल ठरला. दुसऱ्या महायुद्धात 6 क्रमांकाच्या हरिकेन पथकाचे अधिपती या नात्याने ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी शत्रूच्या हालचालींची टेहळणी केली, आणि 1944 साली त्यांना डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला. भारतीय वायुसेनेत तो अन्य कोणासही लाभलेला नाही.

परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती काश्मीरच्या मोहिमेत. पूंछ शहराला वेढा पडला होता. आत तुटपुंजे सैन्य आणि हजारो निर्वासित अडकलेले. जमिनीवरची वाट बंद. तेव्हा सैनिकांनी व नागरिकांनी मिळून तयार केलेल्या आखूड धावपट्टीवर डिसेंबर 1947 मध्ये मेहरसिंग यांनी स्वतः डाकोटा हे मालवाहू विमान उतरविले. त्यानंतर तेथे तोफा व दारूगोळा उतरू लागला आणि परतीच्या फेरीत जखमी व निर्वासित बाहेर पडू लागले.

लेहची कामगिरी याहून बिकट होती. हिवाळ्यात झोजीला ओलांडून गेलेल्या पृथीचंद यांच्या छोट्या तुकडीबरोबर सोनम नोर्बू हे लडाखी अभियंते होते. त्यांनी सिंधुकाठी स्थानिक लोकांच्या साहाय्याने धावपट्टी सिद्ध केली. 24 मे 1948 रोजी मेहरसिंग मेजर जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन तेथे निघाले. या उड्डाणात नेमके कठीण काय होते, ते सांगितले पाहिजे. वाटेतील हिमशिखरे ओलांडण्यासाठी डाकोटाला तिच्या शक्तीच्या सीमेपर्यंत चढावे लागे, आणि विमानाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. लेहची उंची सुमारे 11,500 फूट. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे 70 टक्केच. वेगदर्शक यंत्र हवेच्या दाबावर चालत असल्यामुळे काटा नेहमीचाच आकडा दाखवितो. प्रत्यक्षात मात्र विमान सुमारे एकपंचमांश अधिक वेगाने जमिनीला टेकते, आणि थांबेपर्यंतची धाव जवळजवळ दीडपट होते. त्यातच विरळ हवेत इंजिन क्षीण झालेले, भोवती डोंगर. तेव्हा उतरण्याचा अंदाज फसल्यास पुन्हा वर चढून निघून जाण्याची मुभा फारशी नसते.

हे सर्व ठाऊक असताना, हाताखालच्या एखाद्या अधिकाऱ्यास हुकूम देऊन मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते, आणि लष्करी शिस्तीनुसार त्यात वावगे काहीच नव्हते. मेहरसिंग स्वतः गेले. त्यांच्या मागोमाग सैनिक घेऊन डाकोटा येऊ लागल्या, आणि शत्रूच्या टापूत आलेले लेह वाचले. या मोहिमेतील कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र देण्यात आले. पण 1948 सालीच त्यांनी राजीनामा देऊन वायुसेना सोडली, पतियाळाच्या महाराजांचे विमानविषयक सल्लागार म्हणून काम पाहिले, आणि मार्च 1952 मध्ये जम्मूहून दिल्लीकडे येत असता विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

वर्गात हे चरित्र सांगू लागलो की तरुण वैमानिक त्यांच्या धाडसाने भारावून जात, आणि मला त्यांना थोडे आवरावे लागे. जे साहस दुसऱ्याला करता येत नाही, ते प्रेक्षणीय असले तरी सैन्याच्या फारसे उपयोगी नसते. मेहरसिंग यांनी जोखीम पत्करली ती पाठीमागून येणाऱ्या साध्या, नेमस्त वैमानिकाला हीच वाट रोज चालता यावी म्हणून. लेहला जे एकट्याने करून दाखविले ते त्यांनी लगेच इतरांच्या नित्यकर्मात जमा केले. वरिष्ठाला कनिष्ठाच्या प्राणावर हुकूम चालविण्याचा अधिकार नेमणुकीच्या कागदाने मिळतो, हे खरे. पण तो हुकूम ऐकणाऱ्याच्या मनात शंका उरू नये असे वाटत असेल, तर त्या वाटेवरचे पहिले उड्डाण वरिष्ठानेच केलेले असावे, असे माझे मत आहे.