डावा हात वर

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय धाकटे,

दुपारी फोनवर मी नुसतं 'हं, हं' करत होते, त्याचा तुला राग आला असणार. कारण साधं होतं. चिऊ तुझ्याजवळच बसलेली होती. बाहुलीशी चाललेल्या तिच्या गप्पा मला ऐकू येत होत्या. तू 'रूट कॅनाल' म्हणालीस आणि त्या गप्पा बंद पडल्या. पुढे 'चार दाढा किडल्यात गं, मला तर विचार करूनच घाम फुटतो' म्हणालीस, तेव्हा तर बाहुलीसुद्धा ऐकत असेल. पोरं खेळत असली तरी कान आपल्याकडेच असतात. म्हणून मी आवरतं घेतलं आणि आता बाळ्या झोपल्यावर लिहायला बसले. हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचू नकोस.

आधी तुझ्या सासूबाईंचं. 'दुधाचेच दात, पडणारच आहेत, कशाला पैसे घालवता' हे त्या काही वाईट बुद्धीने म्हणत नाहीत. आपल्या आईनेही हेच म्हटलं असतं. पुढच्या दातांपुरतं ते बरंचसं खरंही आहे, मूल सहा-सात वर्षांचं झालं की ते पडायला लागतात. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चिऊ आत्ता पाचची. म्हणजे अजून पाच-सहा वर्षं तिला याच दाढांनी भाकरी चावायची आहे. शिवाय खालून येणाऱ्या दाताची जागा त्याच धरून ठेवतात. अवेळी काढल्या की शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत कलंडतात आणि पुढे तारा बसवायची वेळ येते.

'परवापर्यंत नुसता काळा ठिपका होता' असं तू तीनदा सांगितलंस. असणारच. दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं आणि आतली नस त्या मानाने मोठी, म्हणून आत पोचायला कीड फार वेळ घेत नाही. त्यात तुझा निष्काळजीपणा नाही. बरं, थोडा आहे. तीन वर्षांची होईपर्यंत ती दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपायची. झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध रात्रभर दातांवर तसंच राहतं. पण मी बाळ्याची चोखणी साखरेत बुडवून देत असे, तेव्हा मी तुला काय बोलणार!

बाळ्याची हकिगत तुला अर्धीच माहीत आहे. उरलेली मी कुणाला सांगितली नाही.

तो साडेचार वर्षांचा होता. 'डॉक्टरकाका फक्त बघणार आहेत, काही करणार नाहीत' असं सांगून मी त्याला नेलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, मोठ्या माणसांसाठी ते डॉक्टर चांगलेच आहेत. खुर्ची मागे कलली, दिवा डोळ्यांवर आला आणि त्याने तोंड मिटून घेतलं. बाहेर सात-आठ पेशंट ताटकळलेले. मग एका मदतनिसाने डोकं धरलं, दुसऱ्याने हात. पाय मी धरले. एका दाढेत सिमेंट भरलं, पंधरा मिनिटांत सगळं उरकलं. येताना स्कूटरवर तो पुढे उभा होता. एक शब्द बोलला नाही. वाटेत कबूल केलेलं आइस्क्रीम त्याने मागितलं नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

ते सिमेंट महिन्याभरात निघून आलं. पण पुढे कितीतरी दिवस 'चल, भाजी आणू' म्हटलं की तो चपला घालता घालता थांबायचा आणि विचारायचा, 'नक्की भाजीच ना?'

म्हणून तुला पहिलं सांगणं हे, की 'काही होणार नाही', 'अजिबात दुखणार नाही' असलं एकही वाक्य तिला सांगू नकोस. तसंच सगळी खुर्ची-सुई-ड्रिलची कथाही आदल्या आठवड्यापासून लावू नकोस. आदल्या दिवशी, फार तर त्याच सकाळी सांग, आणि जेवढं आहे तेवढंच सांग. दाढेला भोक पडलंय, ते साफ करून बुजवायचंय. डॉक्टर एकेक गोष्ट आधी दाखवतील. थोडं चिमटल्यासारखं होईल, मी तिथेच असेन. पुढे काही विचारलं तर 'मला माहीत नाही, आपण त्यांनाच विचारू' म्हण. हे वाक्य पोरांना आवडतं. आईला माहीत नाही म्हणजे दोघं एका बाजूला.

आणि 'कीड' हा शब्द जपून वापर. आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण बाळ्या एका रात्री उठून बसला आणि म्हणाला, 'आई, झोपेत कीड पोटात गेली तर?' त्याच्या डोक्यात पाय असलेली, वळवळणारी कीड होती. त्याची तरी काय चूक? आजोळी रिंगणीच्या बियांची धुरी देणारी म्हातारी आठवते का? नळी तोंडात धरायची, धूर घ्यायचा, आणि मग पाण्यावर तरंगणारे पांढरे किडे ती सगळ्यांना दाखवायची. ते किडे म्हणजे तडकलेल्या बियांमधले कोंब असतात, हे मला फार उशिरा कळलं. मी त्याला सांगितलं, की आत कुणी राहत नाही. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू सगळ्यांच्याच असतात. त्यांना साखर मिळाली की ते आंबट पाणी सोडतात, त्याने दात झिजतो आणि भोक पडतं. 'म्हणजे लिंबासारखं?' 'हो, लिंबासारखं.' तो झोपला.

दुसऱ्यांदा आम्ही मिरजेला गेलो, फक्त मुलांचे दात बघणाऱ्या डॉक्टरबाईंकडे. बीडीएसनंतर तीन वर्षं या लोकांचं लहान मुलांच्या दातांचंच शिक्षण असतं. ते कशात दिसतं म्हणशील, तर पहिल्या भेटीत त्यांनी काहीच केलं नाही. नुसते दात मोजले. 'वीस असायला हवेत, तुझे किती आहेत बघू,' म्हणाल्या. बाळ्या माझ्या मांडीवर, खुर्ची सरळ. तेरा मोजून झाल्यावर त्याने तोंड मिटलं, तर म्हणाल्या, 'बरं, उरलेले पुढच्या बुधवारी.' मला वाटलं, पैसे फुकट गेले. पण बुधवारी तो स्वतःहून चौदापासून मोजायला बसला.

आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, अशी त्यांची रीत. अ‍ॅडलस्टन नावाच्या दंतवैद्याने १९५९ साली ती मांडली, आणि आजही मुलांच्या दवाखान्यात याच क्रमाने काम चालतं. तो फिरणारा ब्रश त्यांनी आधी स्वतःच्या नखावर फिरवला, मग माझ्या, मग बाळ्याच्या. तो नख उलटसुलट करून बघत राहिला, रंग गेला की काय म्हणून. पाण्याचा फवारा तळहातावर. थुंकी ओढणारी नळी त्याच्या गालाला लावली, ती 'फुर्रर' करून चिकटली आणि तो हसला. ड्रिल चालू केलं तेव्हा 'हे शिट्टी मारतं, कान दुखतात माझेसुद्धा' म्हणाल्या. आवाज कसला हे आधी कळलं की निम्मी भीती तिथेच जाते. आणि एक करार झाला: डावा हात वर केला की मी थांबणार, काहीही चालू असलं तरी. पहिल्या पाच मिनिटांत त्याने सहा वेळा हात वर केला. काही दुखत नव्हतं, खरंच थांबतात का ते बघत होता. त्या सहाही वेळा थांबल्या. नंतर पूर्ण काम होईपर्यंत एकदाच केला.

मला मात्र त्यांनी दटावलं. 'तुम्ही गप्प बसा,' म्हणाल्या. मी सारखं 'घाबरू नको हं, काही नाही हं' करत होते. घाबरण्याचं नाव माझ्याच तोंडून निघत होतं. तू तिचा पाय धरून बस. धरून म्हणजे दाबून नव्हे, नुसता हात ठेवून. तुझा हात थंडगार पडतो हे मला माहीत आहे, आधी चोळून घे. नाहीतर चिऊच्या बाबालाच आत पाठव. तू नऊ वर्षांची असताना डॉक्टरांचं बोट चावलं होतंस, आणि अप्पांनी स्कूटर चालू ठेवून तुला पळवून आणलं होतं. ही गोष्ट चिऊला आत्ताच सांगू नकोस.

भूल देताना आधी हिरडीला जेल लावतात, मग सुई. सुई डोळ्यांसमोरून नेत नाहीत, पण 'सुई नाही' असंही म्हणत नाहीत. रडली तर रडू दे. बाई म्हणाल्या होत्या, रडणाऱ्या मुलाचं तोंड उघडं असतं, मला अडचण मिटलेल्या ओठांची. आणि 'बघ, तो दादा कसा रडत नाही' हे कृपा करून नको. आपल्याला हे कितीदा ऐकवलं, त्याने आपण कधी शूर झालो का?

भूल दोन-तीन तास राहते. त्या वेळात लक्ष ठेव. ओठ आपला वाटत नाही म्हणून पोरं तो चघळतात. बाळ्याने मी चहा टाकेपर्यंत चघळला, आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरा पडला. मी घाबरून फोन केला, तर बाई म्हणाल्या, आठवड्यात बरं होईल, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लावा. झालंही. पण भूल उतरेपर्यंत चावायला काही देऊ नकोस.

मुलांचं रूट कॅनाल आपल्यासारखं नसतं, हेही ऐकून ठेव. आत भरतात ते औषध हळूहळू विरघळणारं असतं, कारण दुधाच्या दाताचं मूळ पुढे आपोआप झिजून तो पडायचा असतो. वर स्टीलची टोपी बसवतात. दिसायला चांदीची, म्हणून सासूबाई नाक मुरडतील. चिऊ मुरडणार नाही, बघ. चारही दाढांना ड्रिल लागेलच असं नाही, हे डॉक्टरांना नक्की विचार. नस दुखावलेली नसेल तर न कोरता, भूल न देता नुसती टोपी दाबून बसवायची एक पद्धत आहे. नॉर्ना हॉल नावाच्या स्कॉटलंडमधल्या दंतवैद्य बाईंनी ती चालवली, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखतात. आणि कीड तिथेच थोपवणारं चांदीचं एक औषधही असतं, नुसतं ब्रशने लावायचं. त्याने किडलेला भाग कायमचा काळाकुट्ट होतो, तेव्हा दाढेला चालेल, पुढच्या दातांना लावायचं तर विचार करून.

लाफिंग गॅसचं तू विचारलंस. मुलं जागीच राहतात, फक्त सैल होतात. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ मध्ये तो स्वतः हुंगून आपलाच दात काढून घेतला होता, तेव्हा गोष्ट जुनी आहे. पूर्ण भूल देऊन चारही दाढा एकदम करायचं सुचवलं, तर त्यातही कमीपणा मानू नकोस, काही मुलांना तेच बरं पडतं. मात्र ते हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञ हजर असताना. भूल कोण देणार, हे तोंडावर विचार. लाजू नकोस. आणि खर्च फार सांगितला तर सीएसएमटीला उतरून सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय गाठ. डोंबिवलीहून एक गाडी. रांग असते, पण तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे.

शनिवारची संध्याकाळची वेळ बदलून सकाळची घे. संध्याकाळी ती किरकिरी असते, आणि डॉक्टरही दमलेले. दोन तास आधी मऊ भात खाऊन जा. बाहुली बरोबर हवी, तिचेही दात मोजून घ्या म्हणावं. बक्षीस आधी कबूल करू नकोस, मोठं बक्षीस म्हणजे मोठं संकट, हा हिशोब पोरांना येतो. परत येताना खडूंची पेटी घेतलीस तर पुरे.

ब्रशचं म्हणशील तर अजून दोन-तीन वर्षं रात्रीचा ब्रश तूच करायचा. तिला बुटाची नाडी नीट बांधता येईपर्यंत तिचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोचत नाही, असं समज. फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी. आणि गोड किती यापेक्षा किती वेळा, हे बघ. जेवणाबरोबर खाल्लेला लाडू परवडला, पण दुपारभर एकेक बिस्किट नको, आणि 'गूळ चालतो' हेही नको. सहा वर्षांच्या आसपास सगळ्यात मागे एक नवी दाढ येईल, काही न पडता. सगळे तिला दुधाचीच समजतात. ती जन्मभराची आहे, तिच्यावर डोळा ठेव.

पत्राबरोबर काडेपेटी आहे, उघडून दचकू नकोस. आत बाळ्याची दाढ आहे, टोपीसकट. अकराव्या वर्षी पडली. मी कौलावर फेक म्हटलं तर ऐकलं नाही, 'चांदीची आहे' म्हणून कपाटात ठेवली होती. चिऊची गोष्ट ऐकून मघाशी स्वतःच काढून दिली. ती बघायला द्यायची आहे, ठेवायला नाही, परत पाठवायची. आणि निरोप असा: हात डावाच वर करायचा. उजव्या बाजूला डॉक्टर बसतात, त्यांना लागेल.

तुझी,
ताई