एका माणसाचा कुकर

माणसाचे लग्न झाले की त्याला आहेर मिळतो आणि मोडले की सल्ले मिळतात. आहेरातल्या सात घड्याळांपैकी निदान एक तरी चालते. सल्ल्यांचे तसे नाही.

आमचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. आमच्या संसारात दोघांची संमती झालेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. हिंदू विवाह कायद्यात ही सोय 1976 साली झाली. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचे आणि विचार बदलतो का ते पाहायचे. योग्य कारण असेल तर कोर्ट ही मुदत माफ करू शकते, असे सुप्रीम कोर्टाने 2017 साली सांगितले आहे. पण आम्ही माफी मागितली नाही. विचार करायला इतकी मोठी रजा पूर्वी कुणी दिली होती?

त्या सहा महिन्यांत माझा विचार बदलला नाही, पट्ट्याची भोके मात्र दोनदा बदलली. झोप तर गेलीच. पहाटे विरार स्टेशनातून पहिल्या लोकलचा भोंगा ऐकू आला की वाटायचे, चला, आपल्याखेरीज आणखी कुणीतरी जागे आहे!

जेवणाचे म्हणाल, तर एका माणसाचा कुकर लावण्यासारखी अपमानास्पद गोष्ट नाही. वाटीभर तांदूळ लावावा, तर तोच भात रात्री, सकाळी आणि पुन्हा रात्री समोर हजर. एवढी चिकाटी मी संसारात दाखवली असती तर ही वेळच आली नसती. शेवटी कुकर लावणेच सोडले आणि चहा-बिस्किटांवर माणूस जगतो हे सिद्ध करायला घेतले.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकूंनी जिऱ्याचे पाणी सांगितले, मामांनी अनुलोम-विलोम, साहेबांनी मोबाइलवर पावले मोजायला. मावसभावाने दुसरे लग्न सुचवले. म्हणजे दातदुखीवर ऊस!

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी ब्लड प्रेशर पाहिले. मग पुन्हा पाहिले. म्हणाले, "गोळी देतो. पण ती एकटी काय करणार? वेळेवर जेवा, झोपा, चाला. आणि रोज कुणाशी तरी बोला. तब्येतीबद्दल नव्हे हं!"

म्हणून जीवदानीचा डोंगर चढायला लागलो. हजारावर पायऱ्या. पहिल्या दिवशी दोनशेव्या पायरीवरच बसकण मारली. वरून उतरणारी एक म्हातारी थांबली.

"काय बाबा, नवस आहे का?"

"नाही मावशी, प्रेशर आहे."

"मग हळू चढ की. देवी कुठं पळून जाते का?"

तोवर सगळे मला 'विसर' म्हणत होते, 'सावर' म्हणत होते. 'हळू' म्हणणारी ही पहिलीच. त्या दिवशी आणखी पन्नास पायऱ्या चढलो.

गाडीच्या गटातल्या अण्णांनी सल्ला दिला नाही. त्यांनी डॉ. रखमाबाईंचे चरित्र हातात ठेवले. अकराव्या वर्षी लग्न झालेले. मोठेपणी नांदायला जायला नकार. नवऱ्याने 1884 साली दावा लावला. 1887 साली मुंबई हायकोर्टाने सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल! शेवटी 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षे बायकांवर उपचार केले आणि नव्वदी गाठून 1955 साली गेल्या. हिंदू विवाह कायदाही त्याच वर्षी आला.

मी पुस्तक मिटले. त्यांच्यापुढे सहा महिन्यांचा तुरुंग होता, माझ्यापुढे सहा महिन्यांचा नुसता विचार. आणि प्रेशर मला! आपल्या दुखण्यावरचा हात उचलून दुसऱ्याच्या नाडीवर ठेवला, की माणसाला नव्वदी गाठता येत असावी.

मला नाडी कळत नाही, भात कळतो. दुसऱ्या दिवशी पहाटे चार माणसांचा कुकर लावला, फोडणी दिली आणि डबा घेऊन गाडी पकडली. नालासोपारा यायच्या आत तो संपवावा लागतो. पुढे गर्दीत वर गेलेला हात लवकर खाली येत नाही. अण्णा म्हणाले, "मीठ जास्त आहे." घरगुती तक्रार ऐकून किती महिने झाले होते! मला एकदम भूक लागली.

कोर्टाचा निकाल झाला त्या दिवशी बाहेर पडताना तिने सवयीने विचारले, "गोळी घेतलीस का?"

मीही सवयीने "हो" म्हणालो. घेतली नव्हती.

विचारणारे कुणी उरले नाही, हे पायऱ्या उतरता उतरता लक्षात आले. तेव्हापासून मात्र एक दिवस चुकलेलो नाही. भातात मीठही कमी घालतो.