डॅमेजचे फोटो

27 मे
नवा फोन आला. यंदाची भिशी मला लागली होती, ते सगळे पैसे त्यात गेले. वर क्लिपवाली मॅक्रो लेन्स, वीतभर ट्रायपॉड, बॅटरीवरचा छोटा एलईडी दिवा, पॉवर बँक. भिवंडीत कल्याण नाक्यावर काच आणि कव्हर बसवून घेतलं. गळ्यात अडकवायची दोरी मुद्दाम मागून घेतली. मागावर वाकलं की खिशातला फोन निसटतो. चालत्या मागात पडला तर फोन जाईल आणि ताणाही तुटेल.
घरी सगळं चटईवर मांडलं. ही म्हणाली, "एवढं सगळं कापड बघायला?"
हो. कापड बघायलाच.

28 मे
कामतघर. लांबून काढलेल्या फोटोत कापडावर रंगीत लाटा उठल्या. कापडात त्या नाहीत. धाग्यांची जाळी आणि सेन्सरवरची जाळी एकमेकींवर पडली की अशी नक्षी दिसते. फोन थोडा पुढेमागे केला, किंवा जरा तिरका धरला, की जाते.
दुसरा त्रास मोठा. फोन आपल्या मनाने फोटो सुधारतो. उजेड कमी पडला की अनेक फ्रेम एकत्र करतो, खरखर पुसतो. त्याबरोबर सुतावरचे तंतू आणि बारीक गाठीही पुसल्या जातात. माझं सगळं काम त्या गाठींचं. प्रो मोड लावला, सुधारणा बंद केल्या, दिवा जवळ आणला. मग धागा धाग्यासारखा दिसू लागला.

29 मे
पिक, म्हणजे इंचातले बाण्याचे धागे, मोजणं सोपं झालं. इंचभर चौकटीचा पिक ग्लास कापडावर ठेवायचा, वरून लेन्स लावून फोटो घ्यायचा, बोटांनी मोठा करून मोजायचा. शंका आली की पुन्हा मोजता येतं. आधी सुई सरकवत डोळा काचेला लावून बसायचो. मध्येच कुणी हाक मारली की पहिल्यापासून.
व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो. मुंबईला, काळबादेवीच्या शेठकडे पोचेपर्यंत तुटका धागा पुसट. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. काढल्याची तारीख-वेळही आत राहते. पत्र्याखाली नेटवर्क नाही. गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहावं लागतं.

31 मे
दिवा कुठे धरायचा, यावर सगळं आहे.
समोरून धरला तर कापड नुसतं पांढरं. बाजूने, टेबलाच्या पातळीला, अगदी आडवा धरला की जाड धागा, गाठ, सुटलेला बाणा, सगळ्यांच्या सावल्या पडतात. मागून धरला की जिथे ताण्याचा धागा गेलाय तिथे उजेडाची चीर दिसते.
आज एका ताक्यात तेलाचा डाग म्हणून बाजूला काढलेलं होतं. आडव्या उजेडात तो डाग नव्हताच. खळ जास्त बसली होती.

3 जून
शेठचा फोन. खूश आहेत. पूर्वी वादाचा ताका टेम्पोने मुंबईला जायचा, चार दिवसांनी परत यायचा. आता फोटो बघून दहा मिनिटांत निकाल. आणखी तीन पार्ट्यांना माझा नंबर दिला म्हणाले.
बरं वाटलं. फोनचे पैसे लवकर निघतील.

4 जून
शेलार. पगार वाटप चालू होतं. मालकाने मी पाठवलेले फोटो कारीगराला दाखवले. ताकाभर उभी रेघ. पाच ताक्यांवर डॅमेज लावलं होतं, शेठने मालकाचं कापलं, मालकाने त्याचं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. म्हणाला, "तस्वीर तो सही है, भाई. पर ये मेरे हाथ का नहीं है."
सहा माग एकट्याकडे. बारा तासांची पाळी. मजुरी मीटरवर.
घरी ईद करायची आहे त्याला.

5 जून
रेघ फोटोत आहे. ती कशामुळे पडली, ते फोटोत नाही.

7 जून
बकरी ईद. माग बंद. गल्लीत माणसांचं बोलणं ऐकू येतं.
आबांना तो फोटो दाखवला. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना स्क्रीन चांगली दिसते. दोन बोटांनी मोठं करायला शिकलेत. बघितलं आणि लगेच विचारलं, "ताकाभर एकाच जागी आहे का? किनारीपासून मोजलंस?"
मोजलं नव्हतं. कुणी मागितलंच नव्हतं.
"हे दोन धागे एकमेकांना लागलेत, शेजारी फट. फणीचा दात वाकलाय. विणणारा काय करणार त्याला? त्याने सांगायचं, जॉबरने दात सरळ करायचा, नाहीतर फणी बदलायची. फणी मालकाची."
आबा गिरणीत कापड खात्यात होते. 1982 च्या संपात गिरण्यांचं काम भिवंडीच्या मागांवर आलं, मागोमाग माणसंही आली. आबा परळ सोडून आले ते असेच. संपाबद्दल कधी बोलत नाहीत. कापडाबद्दल विचारलं की थांबत नाहीत.

8 जून
स्टीलची पट्टी घेतली, 30 सेंटीमीटरची. आजपासून प्रत्येक दोषाचे तीन फोटो. एक लेन्स लावून, अगदी जवळून. एक पट्टी ठेवून. एक लांबून, किनार आणि ताक्यावरचा नंबर दोन्ही दिसतील असा.
वेळ तिप्पट जाणार. जाऊ दे.

10 जून
पुन्हा शेलार. त्याचा माग थांबवायला लावला. कापडात रेघ किनारीपासून 14 सेंटीमीटरवर. फणीत साडेचौदाच्या जरा पुढे. मागावरून उतरलं की कापडाचा पन्ना आकसतो, तेवढा फरक धरावा लागतो. लेन्स फणीला लावली. एक दात शेजारच्या दाताकडे झुकलेला. नुसत्या डोळ्यांना मुळीच दिसत नव्हता, स्क्रीनवर स्पष्ट.
जॉबरला दाखवला. बघून काही बोलला नाही.
मालक म्हणाला, "बघू."
कारीगर अजून गावाहून आलेला नाही. त्याचे माग दुसराच कुणी चालवतोय.

12 जून
चार्जिंग होईना. खाच तुसाने गच्च भरली होती. सुताचा तूस कुठेही जातो, नाकात जातो, कानात जातो, तिथे फोनचं काय. लाकडी टूथपिकने हळूहळू काढला, फोन बंद करून. पिन किंवा सुई घालू नये. फुंकरही नको, तोंडातली वाफ आत जाते. आता खाचेला रबराचं बूच लावलंय.
तीच हवा कारीगर बारा तास घेतात. त्यांना बूच नाही.

14 जून
दुपारी पत्र्याखाली फोन इतका तापला की स्क्रीन आपोआप मंद झाली आणि व्हिडिओ बंद पडला. बऱ्याच फोनच्या माहितीपत्रकात 35 अंशांपर्यंतची हवा चालेल असं लिहिलेलं असतं. पत्र्याखाली मे-जूनमध्ये 35 कधीच मागे पडतात. सकाळच्या पाळीत फोटो काढायचे, दुपारी टेबलावरचं काम.

16 जून
पाऊस. तीन बत्तीकडून गेलो नाही, तिथे पाणी भरतं. फोन प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत.

18 जून
पद्मानगर. एका ताक्यात बारीक भोक. थोड्या अंतरावर पुन्हा तसंच. पुन्हा. मालकाचं म्हणणं, कारीगर नखं लावतो, कात्री लावतो.
पट्टी ठेवून अंतरं मोजली. सगळी सारखी. माणसाच्या हातून झालं असतं तर एकसारखी आली नसती. कापड ओढून घेणाऱ्या रोलरभोवती दोरा गुंडाळला, दोरा पट्टीवर ठेवला. तेवढाच. माग थांबवून रोलर हाताने फिरवत गेलो. एका जागी पत्र्याचा टोकदार कण रुतलेला. लेन्समधून तो केवढा दिसला.
पट्टी, दोरा आणि कण, तिन्ही एका फ्रेममध्ये घेतले. हा फोटो शेठला आवडणार नाही. मला आजवरच्या कामातला हाच जास्त महत्त्वाचा वाटतो.
कारीगर तेलुगू. आम्ही दोघं मोडक्या हिंदीत बोलतो. त्याने फोटो आपल्या फोनवर मागून घेतला.

20 जून
ट्रायपॉड मागाच्या चौकटीला बांधून बघितला. फोन थरथरतो. ॲपलने 2021 मध्ये सावध केलं होतं की मोटरसायकलच्या जोरदार कंपनांमुळे कॅमेरा स्थिर ठेवणारी आतली यंत्रणा बिघडू शकते. माझा फोन त्यांचा नाही, पण तशी यंत्रणा यातही आहे, आणि माग मोटरसायकलपेक्षा काही शांत नाही. ट्रायपॉड आता स्टुलावर, स्टुलाखाली गोणपाटाच्या घड्या. जमीनही हलते, पण पुष्कळ कमी.

23 जून
तुटके पिक येत होते. बाणा तुटला तरी माग तसाच पुढे जातो, कापडात फट पडते. कारीगर लक्ष देत नाही असं ठरलेलं.
स्लो मोशन लावलं, सेकंदाला 240 फ्रेम. पहिला व्हिडिओ नुसता लुकलुकला. ट्यूबलाइट 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. आपल्या डोळ्यांना कळत नाही, फोनला कळतं. ट्यूब बंद करवली, बॅटरीवरचा दिवा लावला. लुकलुक गेली.
मग दिसलं. धोटा या पेटीतून त्या पेटीत जातो. फोटोत तो तिरका दिसतो, कारण सेन्सर ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात धोटा पुढे गेलेला असतो. त्याच्यामागे धागा. धागा तुटतो. बाणा नसेल तर माग थांबवायचा म्हणून जो छोटा काटा असतो, वेफ्ट फोर्क, त्याने लगेच काम करायला हवं. तो उशिरा काम करतो. तोवर धोट्याच्या दोन-तीन फेऱ्या रिकाम्या.
मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या. एका माणसाचे दोन डोळे, सहा माग. तो रिकामी फेरी कशी पकडणार?
जॉबरला तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "स्प्रिंग ढिली आहे." तिथेच बदलली.

25 जून
आजचा दोष कारीगराचाच. ताण्याचे धागे तुटलेले, जोडलेले नाहीत, हातभर कापड तसंच विणलं गेलेलं. मागून उजेड धरला तर जाळं. मोजलं, तपासलं, दुसरं कारण सापडेना. तसं लिहून पाठवलं. खाली हेही लिहिलं: माग सहा, पाळी रात्रीची.
तो समोर उभा होता. काही म्हणाला नाही. डोळे लाल.

28 जून
शेठ: "भाऊ, कारणं नकोत. डॅमेज कुठे आहे तेवढं पाठवा. बाकी मालक आणि माणसं बघून घेतील."
पट्टी आणि किनार नसलेला फोटो यापुढे पाठवणार नाही, असं सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हणालो, "शेठ, कारण कळलं तर पुढचा ताका चांगला येईल. नाहीतर दर महिन्याला तोच फोटो बघाल."
फोन ठेवून दिला त्यांनी.
ज्या तीन पार्ट्या येणार होत्या त्यातल्या एकीने उत्तर देणं बंद केलंय.

30 जून
एका कारखान्याच्या दारात अडवलं. "मोबाईल बाहेर ठेवा." जॉबर आत उभा राहून बघत होता. फक्त पिक ग्लास घेऊन आत गेलो, मोजलं, चिठ्ठी लिहून दिली.
ज्याचा कारखाना त्याला नको म्हणायचा हक्क आहे. पण त्या पाळीत कुणाचे किती कापले जातील ते आता कुणीच मोजणार नाही.
रात्री हिला सांगितलं. ही म्हणाली, "काम सुटलं तर सुटलं. भिशीचे हप्ते मी बघते."

3 जुलै
आबांना स्लो मोशनचा व्हिडिओ दाखवला. चार वेळा बघितला. "आयुष्यभर धोट्याचा आवाज ऐकला," म्हणाले. "जाताना कधी बघितला नव्हता."

6 जुलै
आषाढी आणि मोहरमचा दहावा दिवस, दोन्ही आजच. घरात साबुदाणा, शेजारून सरबत आलं. फोन दिवसभर कपाटात.

8 जुलै
शेलार. फणी बदलली. कारीगर गावाहून परत आलाय, त्याच मागांवर. मालकाने पाचपैकी तीन ताक्यांचे पैसे परत दिले. दोनचे नाहीत, म्हणाला ते हिशेब बंद झाले. मी वही काढली, तारखा दाखवल्या. पाचही ताके त्याच फणीचे, रेघ त्याच 14 सेंटीमीटरवर. अजून "बघू" चालू आहे. पुढच्या वाटपाला पुन्हा जाणार.
शेठचा मेसेज: रोलरवाल्या कारखान्याचा माल या वेळी साफ आला. एवढंच. खाली नव्या मालाची यादी.

9 जुलै
रात्री उशिरा एका अनोळखी नंबरवरून फोटो. कापड, मध्ये जाड आडवा पट्टा, शेजारी शाळेतली प्लास्टिकची पट्टी. पद्मानगरच्या त्या कारीगराने नंबर दिलाय. विचारतो, ये किसका है?
मोठं करून बघितलं. फोटो हललेला, तरी दिसतंय. पट्ट्यातलं सूत आजूबाजूच्या सुतापेक्षा जाड आहे. काउंटचा आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. इथे कमी काउंटच्या सुताची कांडी मिसळलेली दिसते. कांडी कुणी भरली, सूत कुठल्या लॉटचं, ते विचारायला हवं. त्याला लिहिलं, कांडी फेकू नको, वेगळी ठेव, पेटीवरच्या लेबलचा फोटो काढ.

10 जुलै
आणखी दोघांचे फोटो. साधे फोन, लेन्स नाही, दिवा नाही. एकात किनार नाही, एकात पट्टी उलटी.
हिंदीत चार ओळी लिहिल्या, सगळ्यांना पाठवायला. पट्टी सीधी रखो. किनार दिखनी चाहिए. ताके का नंबर दिखना चाहिए. बत्ती बगल से पकड़ो, सामने से नहीं.
तेलुगूत कुणाकडून तरी करून घ्यायला हवं. शेलारच्या मालकाला विचारायचं, घडीच्या टेबलावर हा कागद चिकटवू देतो का.