फ्रीजखालचं पाणी

तिच्या लहानपणी फ्रीजमधून पाणी येणं ही तक्रार नव्हती, तो रविवारचा कार्यक्रम होता. सत्तरच्या दशकातली परळची चाळ, मजल्यावर एकुलता एक फ्रीज, आणि तोही बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल असा. दाराला कुलूप, डोक्यावर क्रोशाचं कव्हर, त्यावर रेडिओ. गोदरेजनं १९५८ साली फ्रीज बनवायला घेतले त्याला तोवर पंधरा-वीस वर्षं होऊन गेली होती, तरी गिरणगावात फ्रीज ही एका बिऱ्हाडाची नव्हे, अख्ख्या मजल्याची मालमत्ता असे. कुणाला ताप चढला की पोरं वाटी घेऊन बर्फ न्यायला येत. सत्यनारायणाच्या आदल्या रात्री शेजारचं दूध इथेच मुक्कामाला असे.

त्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आठवडाभरात बोटभर बर्फ साचायचा. थर्मोस्टॅटच्या गोल खटक्याच्या मधोमध एक बटण होतं. ते दाबलं की कॉम्प्रेसर थांबे आणि बर्फ वितळून गेला की आपोआप पुन्हा सुरू होई. आई वरच्या कप्प्यात कढत पाण्याचं पातेलं ठेवी, खाली जुनं लुगडं पसरी. वितळलेलं पाणी कप्प्याखालच्या पसरट ट्रेमध्ये उतरे. तो काठोकाठ भरलेला ट्रे दोन्ही हातांनी धरून मोरीपर्यंत नेणं हे थोरल्या मुलीचं काम. थेंब सांडला नाही तर आई काही बोलत नसे, आणि तेच कौतुक असे.

आईचा नियम मात्र कडक होता: बर्फाला सुरी लावायची नाही. त्याला कारण होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी घाईत बर्फ खरवडायला उलथनं घेतलं, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला टोक लागलं, फुस्स झालं आणि फ्रीजचं नुसतं कपाट उरलं. त्या पत्र्याच्या पोटातच गॅसची वाट असते, हे तेव्हा सगळ्या चाळीला कळलं. तो गॅस आर-१२ म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या कुळातली द्रव्यं ओझोनचा थर विरवतात हे मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ साली मांडलं होतं. पुढे १९८७ चा माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि हा गॅस नव्या फ्रीजमधून हद्दपार झाला. आज घरोघरच्या बहुतेक नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. ओझोनला त्याचा त्रास नाही, पण तो पेट घेतो. म्हणजे आईचा नियम आज आणखीच मोलाचा झाला आहे. फ्रीजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर गॅसचं नाव छापलेलं असतं. ते एकदा वाचून ठेवावं, असं ती ज्याला त्याला सांगते.

लग्न होऊन ती चिपळूणला आली आणि पाण्याची दुसरी तऱ्हा तिला भेटली. जांभ्याच्या चिऱ्यांचं घर, बाहेर आषाढाचा पाऊस, आणि फ्रीजसमोर रोज सकाळी ओघळ. घरच्यांना त्याचं काही वाटत नसे. पावसाळ्यात सगळंच ओलं असतं, त्यात हेही. फडकं फिरवायचं आणि कामाला लागायचं. तिला मात्र प्रश्न पडला: फ्रीजला नळ जोडलेला नाही, आत कुणी बादली ओतत नाही, मग हे पाणी येतं कुठून?

हवेतून येतं. पावसाळ्यात अठ्ठावीस अंशांच्या दमट हवेत घनमीटरला वीस-बावीस ग्रॅम बाष्प सहज असतं. फ्रीजमधल्या पाच अंशांच्या हवेत जेमतेम सात ग्रॅम मावतं. उरलेलं कुठेतरी उतरणारच, आणि ते उतरतं सर्वांत गार पृष्ठभागावर. दोनशे लिटरच्या फ्रीजमधली सगळी हवा एकदा बदलली तर तीनेक ग्रॅम पाणी आत आलं असं समजायचं. दार उघडताना सगळी हवा काही बदलत नाही, पण भरल्या घरात ते दिवसातून कितीदा उघडतं! त्यात भाज्यांचा स्वतःचा ओलावा, झाकण न घातलेली आमटी, गरम गरम ठेवलेलं दूध. धडधाकट फ्रीजही रोज पाणी गोळा करतो आणि कुणाला न दिसेल अशा वाटेनं मागच्या बाजूला नेऊन सोडतो. तिथे कॉम्प्रेसरच्या उबेनं ते उडून जातं. लादीवर पाणी दिसलं म्हणजे ती वाट कुठेतरी मोडली, नाहीतर वाटेला पेलणार नाही इतकं पाणी आत शिरतंय. हे उमगल्यावर तिनं आधी फडकं घेणं सोडलं. पाणी कुठे आहे, पुढे की मागे, गार आहे की कोमट, नितळ आहे की चिकट, हे आधी बघायचं आणि मग पुसायचं. पुसलं की पुरावा गेला.

चिपळूणच्या फ्रीजचं दुखणं दाराच्या रबरात निघालं. त्याला गॅस्केट म्हणतात. त्याच्या पोटात चुंबकाची पट्टी असते, तीच दार ओढून धरते. आमरसाच्या डब्यांनी फ्रीज गच्च भरायचा, दार नीट लागायचं नाही, आणि त्या दडपणानं रबर एका कोपऱ्यात मुडपलं होतं. तिनं दहाची नोट दारात धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. रबर चांगलं असेल तर नोट अडकते. त्या कोपऱ्यात ती अलगद सुटून आली. साबणाच्या पाण्यानं घड्यांमधली घाण निघाली, गरम पाण्यात बुडवलेलं फडकं वरून दाबल्यावर रबर मऊ होऊन जागेवर बसलं. कडक होऊन चिरलेलं रबर मात्र असं वळत नाही, ते बदलावंच लागतं.

तरी थोडं पाणी येतच राहिलं. जमिनीचा उतार दाराकडे होता, त्यामुळे आतलं पाणी मागच्या भोकाकडे जाण्याऐवजी पुढे येत होतं आणि दारही स्वतःहून मिटत नव्हतं. फ्रीजच्या पुढच्या पायांना आटे असतात. ते फिरवून पुढची बाजू किंचित उचलली की दार आपल्या वजनानं लागतं आणि पाणी मागे वळतं. पाय पुरले नाहीत तर लाकडाची पातळ पाचर चालते. त्या वर्षीचा उरलेला पावसाळा फ्रीजपुढची जमीन कोरडी गेली. पाण्याची काही गाऱ्हाणी अशी पान्याच्या दोन फेऱ्यांत मिटतात आणि घरोघरी ती वर्षानुवर्षं तशीच असतात, याचं तिला आजही वाईट वाटतं. कारण ते पाणी पुसणारे हात बहुतेक घरांत ठरलेले असतात. कधी सुनेचे, कधी कामाच्या मावशींचे. ज्याला पुसावं लागत नाही त्याला पाणी कुठून येतं हा प्रश्न पडायचं कारणच नसतं.

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आल्यावर तिची गाठ त्या भोकाशीच पडली. फ्रीजच्या आत मागच्या भिंतीच्या तळाशी, भाजीच्या ट्रेच्या वर, एक पन्हळ असते आणि तिच्या मधोमध करंगळीही जाणार नाही एवढं भोक. सगळं पाणी जायचं ते इथूनच. कोथिंबिरीची काडी, कढीपत्त्याचं पान, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, कांद्याचं साल, यातलं काहीही तिथे जाऊन बसतं, त्यावर बुळबुळीत थर चढतो आणि वाट बुजते. मग पाणी भाजीच्या ट्रेखाली साठतं. ते कुणाला दिसत नाही, कारण ट्रे रोज उघडला तरी पूर्ण बाहेर कुणी काढत नाही. भेंडी बुळबुळीत व्हायला लागली, तळाशी आंबूस वास यायला लागला की समजावं. लादीवर ओघळ येतो तो फार नंतर.

ते भोक उघडायची तिची रीत ठरलेली आहे. आधी प्लग काढायचा. नुसता फ्रीजचा खटका बंद करून भागत नाही. दिसणारा कचरा चिमट्यानं उचलायचा, आत ढकलायचा नाही. मग औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज सुईशिवाय घ्यायची आणि कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून हळूहळू सोडायचं. कढत पाणी नको, आतलं प्लास्टिक तडकतं. पाणी उलटं वर आलं तर मऊ, वाकणारी नळी थोडी आत घालून फिरवायची. तार वापरायचीच तर टोक वळवून घ्यायचं, नाहीतर आतली नळी फाटते किंवा सांध्यातून निसटते, आणि मग पाणी भिंतीच्या आतल्या फोममध्ये मुरतं. शेवटी बर्फीत घालतात तो खाण्याचा रंग चिमूटभर पाण्यात कालवून भोकात सोडायचा आणि फ्रीजच्या मागे जाऊन बघायचं. रंगीत पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरलं तर वाट मोकळी. दुसरीकडे कुठे रंग दिसला तर फट तिथेच आहे, मग मेकॅनिकला नुसतं ‘पाणी गळतं’ न म्हणता नेमकी जागा दाखवता येते. मोठ्या कंपनीचा असो की नाक्यावरचा, मेकॅनिक नेमकं बोट दाखवणाऱ्या बाईशी वेगळ्या स्वरात बोलतो, हा तिचा अनुभव.

गळतीची जागाच कळत नसेल तर ती रात्री फ्रीजखाली वर्तमानपत्र पसरते. सकाळी कुठला कोपरा भिजला ते कागद सांगतो.

२००५ नंतरची काही वर्षं मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रानं लांबलचक भारनियमन सोसलं. तेव्हा वीज गेली की बर्फ वितळे, छोट्या भोकाला एकदम तेवढं पाणी पेलत नसे आणि ते लादीवर येई. शेजारच्या बायका घाबरून मेकॅनिकला बोलवायच्या. ती त्यांना थांबवायची, वीज येऊन दोन दिवस वाट बघा म्हणायची. बहुतेकींचे पैसे वाचले.

नंतर घरी फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आला आणि रविवारचं बर्फ उतरवणं कायमचं संपलं. बर्फ संपला नव्हता, फक्त नजरेआड गेला होता. फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड नळ्यांचं जाळं असतं, त्यावर बर्फ धरतो आणि ठरावीक तासांनी एक हीटर सुरू होऊन तो वितळवतो. तिथली वाट गोठली तर फ्रीझरच्या तळाशी काचेसारखी बर्फाची लादी तयार होते आणि खालच्या कप्प्यात वरून थेंब पडतात. प्लग काढून, दार उघडं ठेवून, खाली टॉवेल घालून रात्रभर फ्रीज मोकळा केला तर एकदा भागतं. पण आठ-पंधरा दिवसांत लादी पुन्हा धरली तर हीटर किंवा त्याचा थर्मोस्टॅट बिघडला आहे असं मानावं. ते काम विजेचं आहे, त्याला घरी हात लावू नये.

न्यू जर्सीत मुलाकडे राहायला गेल्यावर तिनं नळाला जोडलेला फ्रीज पाहिला. तो बर्फ स्वतः करतो, दारातून पाणी देतो. तिथली गळती वेगळ्या जातीची. मागच्या बारीक नळीत नळाच्या दाबाचं पाणी सतत असतं, सांधा ढिला झाला की ते थांबत नाही आणि लाकडी जमीन फुगून वर येते. तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, त्या नळीचा व्हॉल्व्ह कुठे आहे? मुलाला माहीत नव्हतं. दोघांनी मिळून सिंकखालच्या कपाटात तो शोधला आणि बंद-चालू करून पाहिला.

आता ती पुण्यात असते. पावसाळ्यात महापालिकेचे आरोग्य कर्मचारी टॉर्च घेऊन घरी येतात. कुंड्यांखालच्या बशा, मनी प्लँटच्या बाटल्या आणि फ्रीजचा मागचा ट्रे बघतात. पुष्कळ घरांत लोक चकित होतात, कारण फ्रीजला मागे ट्रे असतो हेच त्यांना ठाऊक नसतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमधलं पाणी उडून जायला हवं, पण पावसाळ्यात हवाच दमट, त्यात फ्रीज भिंतीला चिकटवलेला, मग ते साठूनच राहतं. ट्रेला तडा असेल तर तेच पाणी मागून लादीवर येतं आणि लोक आतली भोकं तपासत बसतात.

तिच्या फ्रीजमागे वीतभर जागा मोकळी असते. शनिवारी प्लग काढून ती ट्रे सोडवते, घासते, पुसून कोरडा करते. काही फ्रीजमध्ये तो स्क्रूनं बसवलेला असतो. तिथे स्पंज आत घालून पाणी टिपून घ्यावं लागतं. गेल्या पावसाळ्यात सोसायटीतल्या कामाच्या मावशींना तिनं हे स्वतःच्या घरी करून दाखवलं. त्यातल्या एकीनं विचारलं, ‘काकू, हे फ्रीज सरकवायचं काम आम्हीच करायचं का?’ तिनं ठाम सांगितलं, नाही. मग संध्याकाळी सोसायटीच्या बैठकीत तिनं विषय मांडला की प्रत्येक घरातल्या माणसांनी आपला फ्रीज स्वतः पुढे ओढायचा, प्लग स्वतः काढायचा आणि ट्रे बघायचा. दोन घरांनी त्याच रात्री ओढला. एका ट्रेमध्ये वळवळणाऱ्या अळ्या होत्या.