विरळ फ्रेम

सातेरी मधमाश्यांची फ्रेम उन्हाकडे धरली की नजर आधी जाते ती पिल्लांच्या बंद घरांवर. झाकणांचा सलग पट्टा दिसला की मधपाळ खूश. मध्ये मध्ये भोकं दिसली की राणी म्हातारी झाली, बदला. महाबळेश्वरच्या डोंगरात हा न्याय जुना आहे आणि बहुतेक वेळा बरोबरही ठरतो. मला मात्र आताशा विरळ फ्रेम लगेच पेटीत परत ठेववत नाही.

कारण भोकाभोकांत फरक असतो. रिकाम्या घरात नीट डोकावून पाहावं. आजूबाजूचे कोष पक्के आणि मधल्याच घरात ताजं अंडं असेल, तर आधीची अळी जन्मतःच नाहीशी झाली आणि राणीने तिथे पुन्हा अंडं घातलं, असा अर्थ. याउलट घराच्या कडेला कुरतडलेल्या झाकणाचा मेणाचा तुकडा चिकटलेला असेल, तर कामकऱ्यांनी झाकण फोडून आतला कोष ओढून काढला आहे. पहिली खूण वाईट, दुसरी बहुधा चांगली. हातभर अंतरावरून दोन्ही फ्रेमा सारख्याच दिसतात.

पहिल्या भोकाचं कोडं सुटायला शंभरावर वर्षं लागली. अफलित अंड्यातून नर होतो, हे झीरझोन या धर्मगुरूने 1845 मध्येच मांडलं होतं. पण फलित अंड्यातूनही नर होऊ शकतो. लिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या असल्या तर मादी. दोन्ही तंतोतंत सारख्या आल्या तर नर, तोही निरुपयोगी. राणीकडच्या दोन प्रकारांपैकी एक ज्या नराकडे आहे, त्याच्याशी तिचा संग झाला की त्याच्या वाट्याची निम्मी फलित अंडी वाया जातात. पोलंडच्या वोइके यांनी 1963 मध्ये दाखवलं, की अशा अळ्या आपोआप मरत नाहीत. अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांत कामकरी माश्याच त्यांना खातात. पोळ्याबाहेर काढून वाढवल्या तर त्या जगतात. हा प्रयोग युरोपीय माशीवरचा, पण वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. धडधाकट अळी, आणि दाईनेच तिला खाल्लेलं!

दुसऱ्या भोकाचा अभ्यास अमेरिकेत आयोवाच्या रोथेनब्युलर यांनी केला. फाउलब्रूड हा अळ्या कुजवणारा रोग काही वसाहतींत टिकतच नसे, कारण माश्या मेलेली पिल्लं झटपट बाहेर फेकत. त्यांनी स्वच्छ आणि अस्वच्छ वाणांचा संकर केला आणि 1964 मध्ये निकाल छापले. काही वसाहती झाकण फोडत, पण आतलं मढं तसंच ठेवत. काही झाकणाला हातही लावत नसत, पण झाकण आपण उचलून दिलं की मुकाट्याने साफसफाई करत. एकाच कामाचे दोन तुकडे, वेगवेगळे वारशाने आलेले. त्यामागे दोनच जनुकं आहेत हा त्यांचा हिशेब पुढे टिकला नाही, पण तो प्रयोग मला अजूनही मधमाशीशास्त्रातला सर्वांत देखणा वाटतो.

त्याची घरगुती परीक्षा मीही करतो. गुलाबी डोळ्यांच्या अवस्थेतले कोष असलेला भाग निवडायचा, बारीक टाचणी झाकणातून आरपार घालायची, चौकोनाच्या कडेला खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फ्रेम पुन्हा काढायची. काही पेट्यांत सगळा चौकोन धुतल्यासारखा लख्ख असतो. काहींत झाकणावरचं छिद्र मेणाने बुजवून माश्या मोकळ्या झालेल्या. मध दोन्हींत तेवढाच असू शकतो, आणि गंमत अशी की आपण आजवर राण्या मधाच्या वजनावर निवडत आलो. 1991 मध्ये केरळात थाई सॅकब्रूड हा अळ्या मारणारा विषाणू आला, तेव्हा सातेरीच्या वसाहतींच्या वसाहती रिकाम्या झाल्या. तेव्हापासून मला मध देणाऱ्या राणीपेक्षा साफसफाईवाली राणी जास्त मोलाची वाटते.

पण राणी निवडली म्हणजे पैदास साधली असं नाही. तरुण राणी उडते, हवेत अनेक नरांशी संग करते आणि ते बीज आयुष्यभर पुरवते. ते नर कोणाच्या पेटीतले, कोणत्या झाडाच्या ढोलीतले, हे माझ्या हातात नाही. प्रयोगशाळेत राणीला बेशुद्ध करून सुईने बीज भरता येतं. डोंगरात ते परवडत नाही. नर जितके वेगळे तितकी पहिल्या प्रकारची भोकं कमी, आणि नर जितके निवडक तितकी दुसऱ्या प्रकारची परीक्षा पक्की. या दोन गरजा एकमेकींना कापतात, आणि एकट्या मधपाळाला त्यांचा मेळ घालता येत नाही. त्यासाठी सगळं खोरं लागतं.

म्हणून मी खालच्या वाडीतल्या आबांकडे गेलो. त्यांच्या पेट्या टाचणीच्या परीक्षेत दर वेळी पुढे असतात. ते फ्रेमची खालची कड कापत होते, नरांची घरं असलेली. सातेरीत नराचं घर चटकन ओळखू येतं: झाकण उंच टोपीसारखं आणि मधोमध बारीक छिद्र.

"आबा, ह्या चांगल्या पेट्यांचे नर राहू द्या यंदा."

"फुकटे खातात रं. मध कोण भरून देणार?"

"माझ्या राण्यांना तुमचे नर पाहिजेत."

आबांनी सुरी पुसली. "मंग तुज्या पेट्यांतलं नर तू काप. माज्या राण्यांस्नी ते नगं."

तसा करार झाला. माझ्या मधल्या ओळीतल्या दोन पेट्यांवरून मात्र आमचा वाद अजून चालू आहे.